173 ते 96, आणि पुन्हा 142

14 ऑक्टोबर 2025. मडगावचं फातोर्डा मैदान, समोर सिंगापूर. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने लांबून गोल मारला आणि भारतीय संघ तरेल असं वाटलं. मध्यंतराच्या तोंडावर सोंग उई-यंगने बरोबरी केली, उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल चढवला. 1-2. सौदी अरेबियातल्या 2027 च्या आशियाई चषकाचं दार तिथेच बंद झालं. पाच आठवड्यांनी ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 ने हरवलं. असं बावीस वर्षांत घडलं नव्हतं. जागतिक क्रमवारीत भारत 142 वर घसरला.

हिंगोलीत या पराभवांनी फारसं कुणी हळहळलं नाही. क्रिकेटचा सामना गेला की चहाच्या टपरीवर दोन-दोन दिवस उणीदुणी निघतात. फुटबॉलचा राष्ट्रीय संघ कधी खेळला आणि कधी हरला, याचा इथे पत्ताही लागत नाही. हा जिल्हा त्या संघाला पहिल्यापासूनच परका असता, तर त्याचं एवढं वाईट वाटलं नसतं. पण तो परका नव्हता.

हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची जुनी छावणी. पुढे परभणी जिल्ह्याचा भाग म्हणून ती 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होती. त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक 1950 पासून सिटी पोलिसांचा संघ घडवत होते. या संघाने मुंबईत येऊन 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक नेला. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांची सुवर्णपदकं भारताला मिळाली, तीही रहीम यांच्याच हाताखाली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने लोळवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये ती करणारा तो पहिला आशियाई. संघाच्या गोलरक्षकांत सिकंदराबादचा पीटर थंगराज, आणि सूत्रं रहीम यांच्याकडे. मराठवाड्याने नुकतंच सोडलेलं राज्य आणि नुकतंच धरलेलं राज्य त्या दिवशी एकाच संघातून खेळत होतं. भारत चौथा आला. तिथवर तो पुन्हा पोहोचला नाही.

जून 1963 मध्ये कर्करोगाने रहीम यांना नेलं. नंतरच्या चार-साडेचार दशकांत 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धांचं कांस्य, 1984 च्या आशियाई चषकातला प्रवेश, 2008 चा चॅलेंज चषक, असं मोजकंच काय ते सांगण्याजोगं. नव्या शतकाच्या तोंडावर रोव्हर्स चषक बंद पडला. 2010 मध्ये महिंद्रा युनायटेडनेही गाशा गुंडाळला. नोकरी देऊन खेळाडू सांभाळणारी कंपन्यांच्या संघांची व्यवस्था मुंबईतून अशी हळूहळू उठून गेली.

जीव लावून पाहावं असं दशक सुरू झालं ते तळ गाठल्यावर. मार्च 2015 मध्ये भारत 173 वा होता. स्टीफन कॉन्स्टंटाइन दुसऱ्यांदा प्रशिक्षक म्हणून आले, नव्या पोरांना धडाधड संधी मिळाली आणि जुलै 2017 मध्ये संघ 96 वर पोहोचला. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता, नवी मुंबईत सामने होते.

त्या विश्वचषकाच्या निमित्ताने 15 सप्टेंबर 2017 ला राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' राबवलं. एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, अशी कल्पना. त्यासाठी शाळाशाळांत बॉल वाटले गेले. वसमतपासून सेनगावपर्यंत ज्या मुलांनी आयुष्यात टेनिस बॉलच टोलवला होता, त्यांच्या पायाशी पहिल्यांदा खरा फुटबॉल आला. तो दिवस खोटा नव्हता. पण सप्टेंबरात इथली काळी जमीन बुटाला शेरभर चिकटते, बॉल टप्पाच घेत नाही, आणि एप्रिलमध्ये तिलाच पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. मुरमाचं, निचऱ्याचं मैदान हवं, पंपाची सुई हवी, आठवड्यातून तीन दिवस येणारा प्रशिक्षक हवा. यातलं काही बॉलमागून आलं नाही. हवा गेलेले बॉल क्रीडा साहित्याच्या कपाटात गेले आणि ज्यांनी ती मोहीम गाजवली, त्यांनी त्या कपाटाची चौकशी केली नाही.

पुढच्याच वर्षी जूनमध्ये मुंबईने या संघाला पाहिलं. अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईला 5-0 ने हरवलं तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. सुनील छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानात पाणी, बॉल जागच्या जागी थांबतोय. पूर्वार्ध कोरा गेला. मग छेत्रीची पेनल्टी, लगेच जेजे लालपेखलुआचा गोल, आणि शेवटच्या क्षणी गोलरक्षकाच्या डोक्यावरून छेत्रीने अलगद उचललेला बॉल. 3-0. कर्णधाराला प्रेक्षकांपुढे हात जोडावे लागले, ही गोष्ट मात्र त्याच्या कौतुकात विरून गेली. त्या रिकाम्या खुर्च्यांचा जाब भारतीय फुटबॉल महासंघाला कुणी विचारला नाही.

जानेवारी 2019 मध्ये आशियाई चषकात, अबुधाबीत, थायलंडला 4-1 ने धूळ चारली. बाद फेरी हाताशी होती; बहारीनविरुद्ध भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीने ती गेली. सप्टेंबरात आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच दोह्यात 0-0 रोखलं. संघ घडतोय असं म्हणायला तेव्हा आधार होता.

पडझड नंतर झाली, आणि तिची कारणं मैदानाबाहेर आहेत. जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रातच भरला. आपल्या मुली घरच्या मैदानावर उतरल्या, पण संघात कोरोना पसरला, पुढचा सामना खेळायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमानच स्पर्धेबाहेर गेले. त्याच ऑगस्टमध्ये महासंघाच्या कारभारापायी 'फिफा'ने भारताला निलंबित केलं. 2023 मध्ये तीन स्पर्धा जिंकून पुरुष संघ 99 वर आला खरा, पण जानेवारी 2024 च्या आशियाई चषकात तीनही सामने गमावले आणि गोल एकही नाही. जूनमध्ये छेत्री 94 गोलांवर निवृत्त झाला. पुढल्या मार्चमध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं.

त्याची जागा घेणारा का सापडला नाही? ज्या इंडियन सुपर लीगने फुटबॉल घराघरात नेला, तिच्या क्लबांनी गोल करण्याचं काम वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंकडे दिलं. क्लबही मातीत रुजले नाहीत. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. 2022 मध्ये त्याने विजेतेपद मिळवलं, मग पैशांची चणचण, आणि 2025 मध्ये तो दिल्लीला गेला. रहीम यांच्या शहराच्या हाती काही राहिलं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच शहरात, गचिबावलीत, मुंबईच्या राहुल भेकेने मलेशियाविरुद्ध डोक्याने बरोबरीचा गोल केला. भेकेसारखा मराठी मुलगा बचावफळी सांभाळतोय, हा या उतरणीतला खरा दिलासा. दुसरा दिलासा मुलींचा: जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीत 2-1 ने हरवून त्यांनी आशियाई चषक गाठला.

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. 2012 नंतर प्रथमच हे पद भारतीयाकडे आलं. त्यांना वेळ मिळायला हवा. रहीम यांनी संघ बारा-तेरा वर्षं घडवला. पण रहीम यांच्या मागे हैदराबादच्या स्थानिक स्पर्धा आणि पोलिसांच्या नोकऱ्या होत्या. हिंगोलीच्या शाळकरी मुलाला आज जिल्ह्याबाहेर नेणारी ठळक वाट म्हणजे शाळांचा सुब्रतो चषक, आणि पहिल्या सामन्यात हरलेल्या शाळेचं फुटबॉलचं वर्ष तिथेच संपतं. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव आणि हिंगोली या पाच तालुक्यांची दिवाळीनंतर चालणारी साखळी स्पर्धा, राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट इथेच आहे तर त्याच्या मैदानावर आठवड्यातले काही तास, आणि मुलामुलींसाठी एक पगारी प्रशिक्षक, एवढं जिल्हा परिषद आणि क्रीडा खात्याला जमण्यासारखं आहे. कपाटातले बॉल पुन्हा भरून मिळायला तर दिल्लीच्या मंजुरीचीही गरज नाही.