‘काढण्याच्या उलट क्रमाने बसवा’ : एका वाक्याची तपासणी

मागच्या व्याख्यानात आपण ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांतला फरक पाहिला. गिल्बर्ट राइल यांचं १९४९ चं पुस्तक त्याला आधाराला घेतलं होतं. तेव्हा तक्रार अशी आली की तत्त्वज्ञानवाले कायम सायकल चालवण्याचंच उदाहरण देतात, जरा वजनदार काहीतरी घ्या. म्हणून आज आपण अवजड ट्रकच्या इंजिनाचं हेड उतरवून पुन्हा बसवणार आहोत. वजनदार म्हणजे अगदी शब्दशः, कारण हे हेड एकट्याने उचलायचं काम नाही.

इंजिन घेऊ कमिन्सचं एनटी-८५५. ८५५ म्हणजे घन इंच, आपल्या हिशेबाने १४ लिटर. अमेरिकेत केनवर्थ, पीटरबिल्ट अशा लांब पल्ल्याच्या ट्रकांत ते वर्षानुवर्षं धावलं. पुण्याशीही त्याचं नातं आहे. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि कोथरूडच्या कारखान्यात याच घराण्यातली इंजिनं बनू लागली. यात सहा सिलिंडर असतात, पण हेड एक नसून तीन असतात. एकेक हेड दोन सिलिंडरांवर बसतं. एकच हेड बिघडलं तर तेवढंच काढता येतं, ही सोय. पण मॅनिफोल्ड तिन्ही हेडना मिळून जोडलेलं असतं. त्यामुळे बसवताना तिन्हींची तोंडं एका रेषेत यावी लागतात, नाहीतर मॅनिफोल्ड ओढूनताणून बसतं आणि मग तिथून गळतं.

आता कुठल्याही दुरुस्तीच्या पुस्तकात हेड काढण्याच्या पायऱ्या दोन पानं भरून असतात, आणि शेवटी एक ओळ येते : बसवताना हेच उलट क्रमाने करा. आमचा या ओळीवर आक्षेप आहे. तो सांगण्याआधी मात्र एक पायरी मागे जाऊ, कारण बरेचदा हेड काढायचंच नसतं आणि काढलं जातं.

समजा, ऑइल दुधाळ झालंय. गॅरेजात म्हणतात, तेलपाणी एक झालं. यावरून ‘हेड गॅस्केट गेली’ असं अनुमान लगेच निघतं. न्यायशास्त्राच्या भाषेत, दुधाळ ऑइल हा हेतू आणि फुटलेली गॅस्केट हे साध्य. डोंगरावरचा धूर आणि आग, तसंच. पण इथे व्याप्ती आहे का? नाही. या इंजिनाचे लायनर ओले असतात, म्हणजे पाणी थेट त्यांच्या बाहेरच्या अंगाला लागतं. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या तरी पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कूलर आतून फुटला तरी तेच. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, आणि त्याची गणना हेत्वाभासात करतात. नुसता तर्कदोष म्हणून सोडून द्यावा असं हे प्रकरण नाही. ट्रक ज्याचा स्वतःचा आहे आणि ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत, त्याचे दिवस उभ्या गाडीत जातात, गॅस्केटचे पैसे जातात, आणि सगळं जोडल्यावर ऑइल पुन्हा दुधाळ.

मग जाणता मिस्त्री काय करतो? इंजिन बंद ठेवून, खालचं ऑइल पॅन उतरवून, पाण्याच्या बाजूला हवेचा दाब देतो आणि बॅटरी घेऊन खाली बघत बसतो. थेंब लायनरच्या बुडाशी दिसला की हेडवरचा संशय गेला. उलट, इंजिन भाराखाली असताना रेडिएटरच्या वरच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे संशय वर सरकला. तिथेही फुटलेलं हेड आणि इंजेक्टरची तांब्याची स्लीव्ह हे आणखी दोन आरोपी उभे आहेतच.

बरं, हेड काढायचं ठरलं. इंजिन पूर्ण गार झालं पाहिजे. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते वाकण्याची भीती. पाणी काढा, टर्बो, मॅनिफोल्ड, पाण्याच्या वाटा उतरवा. हेडांमधून डिझेलच्या वाटा कोरलेल्या असतात आणि दोन हेडांमध्ये छोटे जोड असतात, ते विसरायचे नाहीत. प्रत्येक सिलिंडरला तीन रॉकर : एक इनटेकचा, एक एक्झॉस्टचा आणि मधला इंजेक्टरचा, कारण इथे इंजेक्टरही कॅमशाफ्टच दाबतो. पुशरॉड निघतील तसे क्रमाने लावून ठेवायचे. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचणारे मिस्त्री आम्ही पाहिलेत, याहून चांगलं फायलिंग कुठल्या कचेरीत नसेल. आणि इंजेक्टर आधी काढायचे. त्यांचं टोक हेडच्या खाली डोकावतं. तसंच हेड बाकावर पालथं ठेवलं की टोक गेलं. बोल्ट सोडायचे ते ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे, बाहेरून आत.

इथवर आलो की काढणं संपलं. आता ‘उलट क्रम’ वापरून पाहा.

काढताना ब्लॉकचा माथा घासून साफ करण्याची पायरी नव्हती. हेड सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेज लावून बघण्याची नव्हती. तडा शोधण्याची नव्हती. लायनर ब्लॉकच्या वर किती आला आहे हे मोजण्याची तर नव्हतीच, आणि सगळ्या कामाचा जीव त्यात आहे. या इंजिनात लायनर इंचाच्या तीन ते सहा हजारांश भागाइतका, म्हणजे ०.०८ ते ०.१५ मिलिमीटर वर असावा लागतो. एक-दोन केसांची जाडी म्हणा. गॅस्केटची कडा त्याच्यावरच दाबली जाते. तो कमी असेल तर नवी कोरी गॅस्केटसुद्धा काही दिवसांत जाते, आणि दोष गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो. या पायऱ्या उलट्या होऊ शकत नाहीत, कारण सुलट कधी नव्हत्याच.

गॅस्केटचं पाहा. ती एकदा दाबली गेली की आपला आकार बदलून बसते. म्हणून जुनी पुन्हा लावत नाहीत, कितीही चांगली दिसो. बोल्ट सोडल्याने ती पूर्वस्थितीला येत नाही.

आणि बोल्ट. पुस्तक टॉर्कचा आकडा देतं. आपल्याला हवा असतो तो मात्र टॉर्क नाही. हवा असतो बोल्टचा ताण, ज्याने हेड खाली धरलं जातं. ताण दिसत नाही, म्हणून टॉर्क मोजायचा. ढोबळ मानाने आपण लावलेल्या जोरातला नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. आता आटे गंजलेले, कोरडे असतील तर? टॉर्क पाना तोच आकडा दाखवेल, ‘टक्’ असा आवाजही देईल, आणि हेड मात्र पुरेसं दाबलेलं नसेल. आकडा खरा आणि निष्कर्ष खोटा. म्हणून आटे साफ करून ऑइल लावायचं. पण जास्त नाही! भोकाच्या तळाशी ऑइल साचलं तर बोल्ट त्यालाच दाबतो. ऑइल दबत नाही, आकडा तर पूर्ण होतो, आणि कधी कधी ब्लॉकच तडकतो. म्हणून भोकं आधी हवा मारून कोरडी करायची. हे सगळं ‘साफ करा’ या दोन शब्दांत बसवलेलं असतं.

आवळण्याचा क्रम तेवढा खरोखर उलटा आहे : मधून बाहेर, आणि एका दमात नाही, तीन-चार फेऱ्यांत. हेड मधे घट्ट बसून कडांकडे पसरत जावं म्हणून. एवढ्यापुरतं ते वाक्य आम्ही मान्य करतो.

त्यानंतर टॅपेट आणि इंजेक्टर सेटिंग. गॅस्केट नवी, दाब नवा, म्हणजे सगळी अंतरं बदलली. पुढच्या पुलीवरच्या खुणा जुळवत, १-५-३-६-२-४ या फायरिंग क्रमाने एकेक सिलिंडर घ्यायचा. दोन फेऱ्यांत सहा सिलिंडर पुरे होतात. काढताना याचं नावही नव्हतं.

मग पाणी भरायचं, अडकलेली हवा काढायची, इंजिन चालू करायचं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, पाणी गार असतानाच टाकीत बघायचं. पहिले काही बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा; त्यांनी घाबरायचं नाही. इंजिन तापेपर्यंत ते थांबले पाहिजेत. नाही थांबले, तर रॉकर कव्हर पुन्हा उघडा.