स्नायूंचे बळ आणि मधुमेहाचा धोका

"मी तर सडपातळ आहे, गोडही फारसे खात नाही, मग माझ्या रक्तात साखर कशी वाढली?" हा प्रश्न आज आपल्या घराघरांतून ऐकू येतो. मधुमेह हा केवळ स्थूल माणसांचा विकार आहे, असा आपला समज झालेला आहे. आपण वजनाचा काटा पाहतो. परंतु त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, याचा विचार करीत नाही. वरील प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी तेथेच दडलेले आहे.

जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा आपले स्नायू शोषून घेतात. इन्शुलिन हे संप्रेरक जणू स्नायूपेशींचे दार उघडते आणि साखर आत जाऊन साठविली जाते. स्नायू क्षीण झाले की हे कोठार लहान होते. त्यांत चरबी साचली की ते इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन तयार करावे लागते आणि कालांतराने ते अपुरे पडू लागते. येथे एक आशादायक गोष्ट अशी, की काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत ओढून घेतो. व्यायामाचा हा लाभ पुढे दिवसभर तरी टिकतो.

या बाबतीत आपणा भारतीयांनी अधिक सावध राहण्याची गरज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या अभ्यासातही नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची स्नायूंची शिल्लक जन्मापासूनच बेताची असते. त्यातच तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या मुठीची ताकद मोजण्यात आली होती. ही ताकद ५ किलोने कमी असल्यास मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक दिसला. मात्र त्याच अभ्यासात मुठीची ताकद आणि नव्याने होणारा मधुमेह यांचा स्पष्ट संबंध आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केवळ मूठ आवळण्याचा सराव करून मधुमेह टळणार नाही. सर्व शरीराचे, विशेषतः मांड्या, पाठ व खांद्यांचे मोठे स्नायू कामाला लावले पाहिजेत.

आपल्या आजी-आजोबांना त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. विहिरीचे पाणी, शेतीची कामे आणि डोक्यावरची ओझी हाच त्यांचा व्यायाम होता. आपले जीवन सुखकर झाले आणि ते कष्ट सरले. आता ती उणीव आपण जाणीवपूर्वक भरून काढावयास हवी. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालणे चांगलेच, परंतु ते एकटे पुरेसे नाही.

आरंभ घरीच करता येईल. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पायांची ताकद कमी झाल्याचे ते लक्षण समजावे. मिस्साच्या वेळी गुडघ्यांवरून उठताना पुढच्या बाकाचा आधार घ्यावा लागणे, हीदेखील एक सूचनाच आहे! खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, असे व्यायाम हळूहळू वाढवावेत आणि ते करताना श्वास रोखू नये. आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासळी यांतून पुरेशी प्रथिने मिळावीत. ६० किलो वजनाच्या निरोगी व्यक्तीस दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते, हे ध्यानात ठेवावे. औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांत आपले आई-वडील, भावंडे, शेजारी आहेत. स्नायू साठीनंतरही बळ धरू शकतात. म्हणून उशीर झाला असे कोणीही समजू नये. आज संध्याकाळी घरातील ज्येष्ठांसह आपणही खुर्चीवरून पाच वेळा उठून पाहू या!