अम्मीचा गुडघा आणि औषधाचे सिमेंट

अम्मीच्या गुडघ्यातून पाणी येऊ लागले तेव्हा ऑपरेशनला आठ महिने झाले होते. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, म्हणून आमच्यासारख्या घराने ऑपरेशनची हिंमत केली होती. जखम केव्हाच भरली होती. मग त्याच रेषेवर फोड आला, फुटला आणि झिरपू लागला. केजमध्ये शेजारच्या खालांनी हळद सुचवली. मी मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. पाणी थांबले, आम्ही अल्लाहचे शुक्र मानले. गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. असे तीनदा झाले.

शेवटी मोठ्या शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "गोळ्या कोणी दिल्या?" मी शिक्षिका, पण मान खाली गेली. सांध्यातले पाणी काढून आधी जंतू ओळखायचा, मग औषध ठरवायचे, असा क्रम असतो. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाही, फक्त तपासणीत लपतो. गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबल्यावर तो सापडला.

गोळ्यांनी तो मरत का नाही? औषध रक्तातून पोहोचते आणि धातूच्या सांध्यात रक्त फिरत नाही. जंतू धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. न घासलेल्या रांजणात आतून धरतो तसा. या थराआड औषध पुरेसे पोहोचत नाही. डोस फार वाढवला तर मूत्रपिंडांना धोका.

म्हणून औषध थेट जागेवर ठेवतात. कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवण्यासाठी अॅक्रिलिकचे सिमेंट लागते. ते दातांच्या कवळीच्या जातीचे असते. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्न्ली यांनी १९६० च्या सुमारास ते रूढ केले. १९७० च्या आसपास जर्मनीत हॅम्बुर्गचे डॉ. बुखहोल्त्स यांनी त्यात जेंटामायसिन मिसळले. भुकटी आणि द्रव कालवले की सिमेंट काही मिनिटांत घट्ट होते आणि चांगलेच तापते. म्हणून उष्णता सोसणारेच औषध चालते. व्हँकोमायसिन हे दुसरे नेहमीचे नाव. औषध सिमेंटमधून हळूहळू पाझरते. सांध्यात त्याचे प्रमाण भरपूर, रक्तात मात्र थोडे.

संसर्ग टाळण्यासाठी ४० ग्रॅम भुकटीत साधारण अर्धा ते एक ग्रॅम औषध घालतात. जडलेल्या संसर्गासाठी कित्येक ग्रॅम लागते, पण तेवढ्याने सिमेंट कमजोर होते. म्हणून ते कायमच्या सांध्यासाठी नव्हे, तात्पुरत्या ठोकळ्यासाठी वापरतात.

अम्मीचा जुना सांधा काढला, आतून सगळे साफ केले आणि तो ठोकळा बसवला. सोबत सहा आठवडे अँटिबायोटिक सुरू होते. तपासण्या ठीक आल्यावर दुसऱ्या ऑपरेशनात नवा सांधा बसला. सिमेंट म्हणजे जादू नव्हे. पहिले काही दिवस औषध जास्त पाझरते, मग कमी होते. सफाई नीट झाली नसेल तर एकटे सिमेंट काही करू शकत नाही.

ते महिने अम्मी वॉकर धरून चालल्या. खुर्चीवर नमाज पढताना सजद्याला कपाळ जमिनीला लागत नाही याचे त्यांना वाईट वाटे. "आजाऱ्याला सवलत आहे, अम्मी," असे मी म्हणायची. त्या हसायच्या, पण डोळे भरून यायचे.

दोन ऑपरेशने, दुप्पट खर्च. संसर्ग अगदी सुरुवातीला ओळखला तर कधी कधी सांधा न काढता आतून धुऊन भागते. तो वेळ मी गोळ्यांत घालवला.

भगिनींनो, घरात कोणाचे असे ऑपरेशन ठरले असेल तर आधी साखर काबूत आणा. किडलेले दात, पायाच्या भेगा, जखमा डॉक्टरांना दाखवा. नंतर सांधा लाल झाला, सुजला, नव्याने दुखू लागला किंवा थेंबभर जरी पाणी आले, तरी मेडिकलकडे नको, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा. ते दूर असतील तर अंबाजोगाईचे सरकारी मेडिकल कॉलेज आपल्याला जवळ आहे. दुआ जरूर करा, पण त्याच दिवशी गाडीही काढा.