एका अंड्याचं गंधक आणि यकृताचा हिशेब

उकडलेलं अंडं सोलताना नाकात शिरतो तो वास गंधकाचा. अंडं जरा जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट काळी कडा धरते, तीही गंधक आणि लोहाच्या संयुगाची. हे गंधक येतं दोन अमिनो आम्लांमधून, सिस्टीन आणि मेथिओनिन. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात दोन्ही मिळून साधारण ३२५ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर. पण रेणू मोजायला बसलात, तर आकडा चौदा हजार परार्धांच्या घरात जातो. एक परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं!

मेथिओनिनचं गंधक काढून ते सेरिन या आणखी एका अमिनो आम्लाच्या सांगाड्यावर चढवायची सोय यकृताकडे आहे, म्हणजे त्याचंही सिस्टीनच होतं. तेव्हा एक अंडं म्हणजे जास्तीत जास्त २९० मिलिग्रॅम सिस्टीन. आता यकृतात आधीपासून मोकळं सिस्टीन किती असतं ते पाहू. उंदरांच्या यकृतात ते दर ग्रॅममागे २० ते १०० नॅनोमोल भरतं. हेच माप माणसाच्या दीड किलोच्या यकृताला लावलं, तर हाती येतात फक्त ४ ते १८ मिलिग्रॅम! एकटं अंडं याच्या सोळा ते ऐंशी पट माल घेऊन येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार प्रौढाला दोन्ही आम्लं मिळून रोज दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम लागतात. साठ किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम, तेही किमान. तरीही मोकळ्या सिस्टीनचा काटा त्या अरुंद पट्ट्यातच राहतो, कारण ते फार साठलं तर पेशीला विषारी ठरतं आणि फार घटलं तर प्रथिनं बनणं अडतं.

हा काटा सांभाळणारं मुख्य विकर म्हणजे सिस्टीन डायऑक्सिजनेज. जास्तीच्या सिस्टीनला ते ऑक्सिजन जोडतं आणि पुढे त्याचं टॉरिन किंवा सल्फेट होतं. आहार बदलला की या विकराचं प्रमाण ४५ पटीपर्यंत बदलतं, शिवाय प्रत्येक रेणूची कार्यक्षमता १० पटीपर्यंत. खरी गंमत पुढेच आहे. पेशी हे विकर बनवण्याचा वेग फारसा बदलतच नाही, बदलते ती मोडतोड. सिस्टीन कमी असेल तर तयार विकरावर युबिक्विटिनची खूण चिकटते आणि प्रोटिएझोम त्याचे तुकडे करतो. सिस्टीन वाढलं की खूण लागणं मंदावतं आणि विकर टिकून राहतं. नाक्यावर मजूर रोज बोलवायचे आणि काम नसलं की परत धाडायचे, तसाच हा प्रकार. उधळपट्टीचा वाटतो, पण भरपेट जेवणानंतर काही तासांत फौज उभी राहते ती यामुळेच.

सिस्टीनचा खरा साठा असतो ग्लुटाथिओनच्या रूपात, म्हणजे ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन जोडून बनलेल्या रेणूत. यकृताच्या एका पेशीत मोकळ्या सिस्टीनचे रेणू चार ते वीस कोटी, तर ग्लुटाथिओनचे हजार ते दोन हजार कोटी. पृथ्वीवरची सारी माणसं आठशे कोटींच्या आसपास आहेत, आणि अशा पेशी यकृतात वीस हजार कोटींच्या आसपास.

पॅरासिटामॉलचा विषारी अंश निकामी करण्यात हाच साठा खर्च होतो. गोळ्यांचा अतिरेक झाला की तो संपत जातो आणि पेशी मरू लागतात. तेव्हा रुग्णालयात शिरेतून एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, त्यातून पेशीला सिस्टीन मिळतं आणि ग्लुटाथिओन पुन्हा बनतं. पहिला डोस दर किलोमागे १५० मिलिग्रॅम, साठ किलोच्या रुग्णाला ९ ग्रॅम. रेणूंच्या हिशेबात यकृतातल्या मोकळ्या सिस्टीनच्या निदान साडेतीनशे पट! ग्लुटाथिओनला लागणारे ग्लुटामेट आणि ग्लायसिन पेशीत सहसा पुरेसे असतात. काम अडतं ते सिस्टीनच्या मूठभर मिलिग्रॅमांवर.