अंतर एकच, वेळ निराळा

न्यूयॉर्क आणि लंडन यांतील बृहद्वृत्तीय अंतर (पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून मोजलेले किमान अंतर) सुमारे ५,५५० किलोमीटर असून, लंडनकडे जाणारे विमान साधारण ७ तासांत पोहोचते, तर परतीला जवळपास ८ तास लागतात. पृथ्वीचे पूर्वेकडे फिरणे हे याचे थेट कारण असल्याचा समज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे, कारण वातावरणही तिच्याबरोबरच फिरत असते. फरक पडतो तो झोतवाऱ्यामुळे (सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद, वेगवान वायुप्रवाह). नदीच्या धारेबरोबर वल्हवलेली होडी तेवढ्याच श्रमात लवकर पोहोचते, तसेच हे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये हा वारा इतका जोरदार होता की एक प्रवासी विमान ५ तासांच्या आतच लंडनला उतरले, आणि जमिनीसापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरपर्यंत गेला, तरी भोवतालच्या हवेसापेक्ष तो ध्वनिवेगाहून कमीच होता.