ना लग्न, ना दवाखाना – आम्ही नुसत्याच गेलो!

एका दिवाळीतली गोष्ट. माझी पुतणी लग्न होऊन विलायतेत, वेल्समध्ये असते. तिनं फोनवर फोटो पाठवले. एक भली मोठी बस, आणि तिच्यातून उतरणाऱ्या साठी-सत्तरीच्या पंचवीस-तीस बायका. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या गळ्यात पिशवी. म्हणे, तिकडच्या बायका अशी बस ठरवतात आणि आसपासच्या बाजारच्या गावांतून हिंडतात. एका गावात जुना किल्ला आणि तटबंदी बघायची, दुसऱ्या गावात बाजार करायचा, तिसऱ्या गावात नुसता चहा प्यायचा. हे-ऑन-वाय नावाचं एक गाव तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठीच प्रसिद्ध आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात २०१७ साली भिलारला पुस्तकांचं गाव झालं, ते त्याच्याच धर्तीवर.

फोटो मी भिशीत सगळ्याजणींना दाखवले. सगळ्या म्हणाल्या, "नशीबवान हो!" तेवढ्यात बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "त्यात नशीब कसलं? तसली गावं आपल्याकडे नाहीत का?"

खरंच, नाहीत का? मैत्रिणींनो, मी मनातल्या मनात मोजू लागले. औंध, विटा, तासगाव, सांगली, मिरज. सगळी गावं आमच्या कऱ्हाडपासून अडीच-तीन तासांच्या आत. आणि सगळी मला 'माहीत' होती. पण कशी? औंध म्हणजे यमाईला नवस फेडायला. विटा म्हणजे नणंदेचं सासर. सांगली म्हणजे लग्नाच्या साड्या. आणि मिरज म्हणजे दवाखाना! काम असल्याशिवाय यातल्या एकाही गावात मी पाऊल टाकलेलं नव्हतं. काम झालं की परतीची एस.टी. पकडायची, कारण घरी संध्याकाळचा स्वयंपाक वाट बघत असायचा.

म्हणून आम्ही ठरवलं, एकदा बिनकामाचं जायचं.

ठरवणं सोपं, निघणं अवघड

भिशीत दहा महिने माणशी दोनशे रुपये जास्तीचे बाजूला टाकले. अठ्ठावीसजणी तयार झाल्या. बँकेतल्या ताई आगारात जाऊन एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर ठरवून आल्या. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला, म्हणजे मुलांच्या परीक्षांच्या आत परत. वार मुद्दाम गुरुवार-शुक्रवार घेतले. बाजारपेठा चालू दिसाव्यात, म्हणून.

"दोन दिवस? सगळ्या बायकाच? आणि कशाला?" हे म्हणाले. त्यातला 'कशाला' मला जास्त लागला. लग्नाला जाते म्हटलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. मी म्हटलं, "बघायला." ह्यांनी पेपर पुन्हा उघडला. मी तो होकार धरला!

आमच्या गल्लीतल्या थोरल्या काकू मात्र काही केल्या तयार होईनात. वय अडुसष्ट, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. "मिरजेला सोडून कुठंही येते," म्हणायच्या. काका मिरजेच्या एका दवाखान्यात चाळीस दिवस होते आणि तिथेच गेले, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं, की मिरजेत काकूंनी बसमध्येच बसून राहायचं. मग आल्या.

पहिला दिवस : औंध ते सांगली

पहाटे प्रीतिसंगमावर नमस्कार केला. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. साडेसहाला बस हलली. मसूर मागे पडेपर्यंत दोघींना घरून फोन आले. एकीला विचारलं, साखरेचा डबा कुठे आहे. दुसरीला विचारलं, कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या! मग बँकेतल्या ताईंनी फर्मान काढलं, की फोन फक्त जेवायच्या वेळी उघडायचे.

औंधला यमाईची ओटी भरली. दरवेळी इथूनच परत फिरतो, या खेपेला संग्रहालयात शिरलो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांनी आयुष्यभर जमवलेला हा श्रीभवानी संग्रह. राजा रविवर्म्यांची चित्रं इथे आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकारानं घडवलेली दगडातली 'आई आणि मूल'ही आहे. ती मूर्ती बघून एकजण म्हणाली, "नाक-डोळे नीट नाहीत, पण पोराला कसं धरलंय बघा!" तेवढं कळलं, की मला वाटतं पुष्कळ झालं.

याच राजांनी शाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले आणि १९३९ साली आपल्या हातातली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. त्याआधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली ती त्यांनीच. त्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागलं. आपल्या आज्या-पणज्या जे मासिक उशाखाली लपवून वाचायच्या, ते मुंबई-पुण्याहून नव्हे, आपल्याच माळावरून निघत होतं!

झाडाखाली दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही कडेगावमार्गे विट्याला गेलो. कडेगावचे उंचच उंच ताबूत आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघांचा सहभाग ऐकून माहीत होता, गाव या वेळी पहिल्यांदा पाहिलं. विट्याचं तर वेगळंच. या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. चहाच्या दुकानात भेटलेल्या एक आजी सांगत होत्या, "एक पोरगं केरळात, एक बंगालात. सुना तिकडचं बोलत्यात, नातवंडांचं मला निम्मंच कळतं." हसत सांगत होत्या, पण डोळे हसत नव्हते. नणंदेच्या गावी मी वीस वेळा गेले असेन. घराघरांतून अशी माणसं बाहेर आहेत, हे कधी विचारलंच नव्हतं.

तासगावच्या अलीकडे बेदाण्याच्या शेडपाशी थांबलो. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर सावलीत पसरतात. दहा-पंधरा दिवसांत सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. जाळ्यांवर द्राक्षं पसरणाऱ्या आणि बेदाणा निवडणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांच्या बोटांचा वेग बघून आम्ही गहू-तांदूळ निवडणाऱ्या गप्पच झालो! मग तासगावच्या गणपतीचं दर्शन. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या या देवळाला दक्षिणेकडच्यासारखं सात मजली गोपूर आहे. पेशव्यांच्या या सरदाराच्या स्वाऱ्या कर्नाटकात झाल्या, तिकडचं पाहिलेलं त्यांनी आपल्या गावी उभं केलं. म्हणजे प्रवासाचा उपयोग त्यांनाही झालाच की!

मुक्काम सांगलीला केला. अठ्ठावीसजणी दोन मोठ्या खोल्यांत, जमिनीवर गाद्या टाकून. रात्री एकपर्यंत कुणी झोपलं नाही. लग्नघरातही अशाच गाद्या असतात, पण तिथे पहाटे चारला उठून पोहे करायचे असतात. इथे चहा आयता आला.

दुसरा दिवस : हळद आणि तंबोरा

सकाळी हरिपूर. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. इथे कृष्णेला वारणा मिळते. काल पहाटे आपल्या घाटावर सोडलेली कृष्णा इथे पुन्हा भेटली, तेव्हा माहेरची माणसं भेटावीत तसं वाटलं.

हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. पेव म्हणजे जमिनीतलं तळघरच. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हवा शिरत नाही, म्हणून हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पेव उघडल्यावर काही तास हवा खेळू द्यायची, मगच माणूस आत उतरायचा. २००५च्या महापुरात यातली पुष्कळशी पेवं निकामी झाली. पुढे सांगलीच्या बाजारात हळदीचे ढीग पाहिले, आणि एका आडत्यानं हळद पारखायची रीत दाखवली. कांडी मोडली की खट्ट आवाज यावा, आणि आत रंग गडद नारिंगी असावा. लवकर वाकली तर ओली समजा. प्रत्येकीनं वर्षाची हळकुंडं घेतली.

आणि मग मिरज. बस थांबली. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या. आम्ही उतरलो, तसा पाठीमागून आवाज आला, "थांबा गं, एकटीला बसवत नाही."

मिरजेची सतारमेकरांची गल्ली तुम्ही पाहिली नसेल, तर जरूर पाहा. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. लढाया संपल्या, तसं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या पिढीपासून त्यांचे हात वाद्यांकडे वळले. पंढरपूरच्या बाजूचे मोठाले भोपळे वाळवून, कापून, त्याला लाकडाची दांडी जोडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, इथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्यांची लेक हिराबाई बडोदेकर. बायकांनी रंगमंचावर बसून मानानं गावं, ही वाट ज्यांनी पाडून दिली त्यांतल्या एक.

दुकानातल्या वयस्कर कारागिरानं एक लहान तंबोरा लावून दाखवला. गाणाऱ्या बाईचा तंबोरा पुरुषाच्या तंबोऱ्यापेक्षा लहान असतो. आधी तार नुसतीच वाजली. मग त्यानं तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला, आणि तीच तार गुंजायला लागली.

"एवढ्याशा दोऱ्यानं?" शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी विचारलं.

"दोऱ्यानंच. जागा बरोबर पाहिजे," तो म्हणाला. आणि त्यानं तंबोरा काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तार छेडली. पुन्हा छेडली. मग हळूच म्हणाल्या, "चाळीस दिवस मी हितनं चार गल्ल्यांवर पायरीवर बसून होते. हे असलं हितं हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

कुणी काही बोललं नाही. परतताना काकूंनी स्वतःच तो दवाखाना दाखवला, ती पायरी दाखवली. आष्टा, इस्लामपूर मागे पडेपर्यंत त्या काकांविषयी बोलत होत्या. काकांना नाटकांचा नाद होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

रात्री साडेनऊला घरी पोचले. ओट्यावर दूध उतू गेलेलं, पण घर जागेवर होतं. ह्यांनी विचारलं, "काय पाहिलंस?" आणि पेपर बाजूला ठेवला. मी सांगत बसले.

तुम्ही निघणार असाल तर

- पैसे भिशीत थोडे थोडे आधीपासून साठवा. एकदम मागितले की घरातून 'कशाला' येतं.
- बसचं भाडं किलोमीटरवर की तासांवर, अनामत किती, ही सारी माहिती लिहून घ्या. ऐन वेळी फाटे फोडू नका.
- बस भरण्याइतक्या बायका नसतील, तर साध्या एस.टी.नं चौघी-पाचजणी जा. मार्च २०२३पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात बायकांना निम्मं तिकीट आहे.
- संग्रहालयाच्या सुटीचा वार आणि बाजाराचे दिवस आधी फोन करून विचारा.
- औषधं, पाण्याची बाटली, टॉर्च, जुनी चादर घ्या. दागिने घरी ठेवा.
- दिवसाला तीन गावांपेक्षा जास्त नकोत. स्वच्छतागृह कुठे आहे, हे प्रत्येक थांब्यावर उतरताच विचारून ठेवा.
- घरच्यांसाठी डबे भरून ठेवा, पण दोन्ही दिवसांचे नकोत. एक वेळ त्यांनाही करू द्या.

पुढच्या वर्षी आम्ही वाईला जाणार आहोत. तिथे माझं एकही काम नाही. काकूंनी पहिल्या बाकावरची खिडकीची जागा आत्ताच सांगून ठेवली आहे.