हत्तरसंग कुडलचा शिल्पवारसा
सोलापूर पाहण्यास येणारा प्रवासी बहुधा सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला पाहून परततो. परंतु दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर वसलेले हत्तरसंग कुडल पाहिल्याशिवाय या जिल्ह्याच्या शिल्पवारशाची खरी ओळख होत नाही. येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर, म्हणजे खांबांनी पेललेल्या आडव्या दगडावर, शके 940 (इ. स. 1018) मधील मराठी शिलालेख कोरलेला असून मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते, म्हणून मराठी वाचकाने तो एकदा तरी प्रत्यक्ष पाहावाच. जवळच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात मिळालेले बहुमुखी शिवलिंग, म्हणजे सर्वांगावर लहान मुखे कोरलेले लिंग, अत्यंत दुर्मीळ असून त्यावरील 359 मुखांत मूळ लिंग मिळवून ही संख्या 360 मानली जाते.